उरलेली सीट

खऱ्या ट्रकने तीस वर्षं माझा नवरा पळवला. हे निवृत्त झाले तेव्हा मला वाटलं, चला, सुटले एकदाची. तर खोट्या ट्रकने माझं जेवणाचं टेबल पळवलं. चार महिने आम्ही दोघं ओट्याशी उभं राहून घोड्यांसारखे जेवत होतो, आणि टेबलावर साहेबांची गाडी पसरली होती.

ही करणी जावयाची. ह्यांच्या वाढदिवसाला त्याने भला मोठा खोका आणला. आत ट्रेलर-ट्रकचं किट. खऱ्या गाडीपेक्षा चोवीसपट लहान, पण इंजिन, गिअरपेटी, एक्सल, डिझेलच्या टाक्या, धूर सोडायचे दोन उभे पाइप, इतकंच काय वायपरसुद्धा. सगळं प्लॅस्टिकच्या चौकटींमध्ये बारीक देठांनी धरलेलं. एकेक भाग देठापासून कापायचा, घासायचा, रंगवायचा आणि चिकटवायचा. "बाबांना तेवढाच विरंगुळा," जावई म्हणाला. त्याचं काय जातं? आयजीच्या जिवावर बायजी उदार. टेबल माझं होतं.

आमच्या ह्यांना विरंगुळा वगैरे माहीत नाही. एखाद्या गोष्टीत हात घातला की बुडालेच. खोक्यावर चकचकीत निळ्या गाडीचं चित्र होतं, ते ह्यांनी पहिल्याच दिवशी उलटं करून ठेवलं. ह्यांना स्वतःची गाडी करायची होती, शेवटची सगळी वर्षं चालवली ती, लाल. आणि नुसती लाल करून भागणार नव्हतं. तिच्या एका टाकीला पोचा होता, म्हणून चमचा गॅसवर तापवून प्लॅस्टिकच्या टाकीला पोचा पाडला. चमचा माझा, तो कामातून गेला. मागचा एक मडगार्ड फाटका होता, तो ब्लेडने फाडला. चाकांच्या आतल्या बाजूला चिखल बसायचा, म्हणून तपकिरी रंग पाण्यासारखा पातळ करून तिथे सोडला. चंदेरी भागांच्या चकाकीवर गोंद धरत नाही म्हणून जोडाच्या जागी आधी ती खरवडायची, गोंदाच्या वाफेने काच धुरकट होते म्हणून काचेजवळ तो गोंद न्यायचाच नाही, हे सगळं मला ऐकून ऐकून पाठ झालं होतं. माझा कुठला गुडघा दुखतो ते ह्यांना विचारा. सांगता येणार नाही.

एकदा मी केर काढला आणि बाहेरचा आरसा हरवला. ट्रकचा. तांदळाच्या दाण्याएवढा. ह्यांनी केराची पिशवी वर्तमानपत्रावर उपडी केली आणि चिमट्याने केस, धूळ, कांद्याची सालं बाजूला करत सबंध दुपार आरसा शोधला. सापडला. "एक भाग जरी कमी पडला ना, तर मग ती गाडीच नाही," मला म्हणाले, मी दरोडा घातल्यासारखं. ते वाक्य मी लक्षात ठेवलं.

हे सगळं मी कशासाठी सोसत होते? समुद्रासाठी. मी समुद्र पाहिलेला नव्हता. साठी उलटली, नातवाने पाहिला, मी नाही. लेकीने आम्हा दोघांसाठी समुद्राकाठच्या एका गावात आठवड्याभरासाठी खोली घेऊन ठेवली होती, आणि हे तारीख पुढे ढकलत होते. कधी रंग वाळायचा असायचा, कधी ट्रेलरची दारं बसायची असायची. "एवढं झालं की निघूच," हे म्हणायचे. शेवटी लेकीने बसची दोन तिकिटं आणून फ्रिजवर चुंबकाखाली लावली आणि सांगून गेली, ह्या सोमवारी जा, नाहीतर खोली गेली. ह्यांनी मान डोलावली. मी बॅग भरायला घेतली.

समुद्रासाठी बॅग भरायची माझी ही दुसरी वेळ. पहिली वेळ ह्यांना लाल गाडी नवी नवी मिळाली तेव्हाची. ह्यांची फेरी बंदरापर्यंत असायची, जायला तीन दिवस आणि यायला तीन. मुलगी नुकतीच वसतिगृहात गेली होती, सासू-सासरे नणंदेकडे राहायला गेले होते, आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच घरात माझ्यावाचून कुणाचं अडत नव्हतं. मी बॅग भरून दाराशी ठेवली आणि ह्यांना म्हटलं, मला एकदा घेऊन चला. नुसती बसेन. तोंडातून चकार शब्द काढणार नाही. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं, आणि शांतपणे, जरा हळहळल्यासारखं म्हणाले, "कंपनी परवानगी देत नाही गं. बरोबर माणूस दिसलं तर नोकरी जाईल." मी बॅग रिकामी केली.

तेव्हापासून त्या कंपनीला मी पाण्यात पाहिलं. तिच्या वार्षिक मेळाव्याला एकदाही गेले नाही. मालकाच्या घरच्या लग्नाचं बोलावणं आलं, ते पाकीट न फोडता कचऱ्यात टाकलं. बाकीच्या ड्रायव्हरांच्या बायका बाजारात भेटल्या तर तोंड फिरवून चालू लागायची, कसल्या मेल्या लाचार, असल्या कंपनीत नवरे ठेवतात म्हणून. जसा काही माझा नवरा दुसऱ्या कंपनीत होता. मालक गेला तेव्हा हे दोन दिवस गप्प गप्प होते. मी चहात एक चमचा साखर जास्त घातली.

शुक्रवारी गाडी जवळजवळ पुरी झाली. केबिनचं छप्पर चिकटवून झालं. हे ब्रश धूत होते आणि मी टेबलाखालचा कचरा गोळा करत होते. रिकाम्या चौकटी मोडून पिशवीत भरताना एका चौकटीला एक भाग तसाच लटकलेला दिसला. उंच पाठीची छोटीशी सीट, माझ्या अंगठ्याएवढी. मी वाकून केबिनमध्ये पाहिलं. स्टिअरिंगमागे एक सीट होती, रंगवलेली, बसून बसून कडा झिजतात तशी झिजवलेलीसुद्धा. शेजारी सीट नव्हती. तिथे एक चौकोनी पेटी होती आणि पेटीवर पाण्याची एवढीशी बाटली.

आधी मला ह्यांची कीवच आली. एका आरशासाठी केर उपसणारा माणूस चक्क सीट विसरला! आणि छप्पर तर बंद झालं. मी ती सीट देठापासून अलगद कापली. खरं सांगते, मला जरा मजाही वाटत होती. चार महिने बोलणी खाल्ली होती, आता माझी पाळी.

"अहो, बघा काय निघालं होतं कचऱ्यात," मी तळहात ह्यांच्यापुढे धरला.

ह्यांनी पाहिलं आणि परत ब्रशकडे वळले. "ती लागत नाही."

"लागत नाही म्हणजे? किटमध्ये आहे."

"आमच्या गाडीला नव्हती."

"शेजारची सीटच नव्हती?"

"कंपनीने काढून घेतली होती. पेटी ठेवायला."

आणि मी मूर्ख बाईने काय करावं? मी कंपनीवर भडकले. म्हटलं, बघा कसले लोक, एखादं माणूस बसेल ह्या भीतीने सीट उपटून काढतात! ड्रायव्हरची बायको म्हणजे काय त्यांना माल चोरणारी वाटली? संध्याकाळभर माझ्या तोंडाचा पट्टा सुरू होता. हे सगळं ऐकून घेत होते. धुतलेला ब्रश पुन्हा धुतला. ती सीट मात्र मी फेकली नाही, गाऊनच्या खिशात टाकली. का, ते मलाही सांगता यायचं नाही.

शनिवारी पान्या आला. पान्या म्हणजे कंपनीच्या गॅरेजचा जुना मिस्त्री. खिशात कायम पाना असायचा म्हणून पान्या, खरं नाव त्याच्या बायकोच्याही लक्षात नसेल. कंपनीच्या माणसांना मी घराची पायरी चढू देत नसे. पण आता सगळेच म्हातारे झालेले, आणि ह्यांना आपली गाडी कुणाला तरी दाखवायची होती, ज्याला कळेल अशा कुणाला तरी.

पान्याने चष्मा कपाळावर चढवला आणि गाडीला नाक लावलं. "अरे बाप रे! टाकीचा पोचा! मडगार्ड फाटलेला! लेका, ही तर तीच गाडी." टेबलाभोवती तो नुसता घुटमळत होता. ह्यांचा चेहरा असा फुलला होता की चहा घेऊन येताना मलाही क्षणभर बरं वाटलं. मग पान्याने मोबाइलची बॅटरी लावली, केबिनमध्ये उजेड पाडला आणि खदाखदा हसायला लागला.

"सीटसुद्धा नाही ठेवली! वहिनी, मानलं तुमच्या नवऱ्याला. ती सीट मी काढली होती बरं का, ह्या हातांनी. कोरी करकरीत सीट, वरचं प्लॅस्टिकही निघालं नव्हतं. नवी गाडी आली आणि पहिल्याच फेरीहून परत येऊन हा म्हणतो, काढ."

"कंपनीने सांगितलं होतं ना?" मी म्हटलं.

"कंपनी कशाला सांगेल? उलट फोरमनने मला झापलं. पण हा कुठे ऐकतोय! मी म्हटलं, अरे, उद्या बायको म्हणाली मलाही घेऊन चल, तर बसवशील कुठे? तर हा म्हणतो, म्हणूनच."

हे खाकरले. पान्याला खाकरणं कळत नाही. त्याचं आयुष्य इंजिनांच्या आवाजात गेलंय.

"बायकांना नेता यायचं?" मी विचारलं.

"म्हणजे काय! वर्षातून एक फेरी, ऑफिसात सही केली की झालं. टकल्या ड्रायव्हरची बायको तर सुट्टी लागली की निघायचीच, स्टोव्ह घेऊन. बंदरावर जाऊन समुद्रात पाय भिजवून यायची. तुम्हीच कधी आला नाहीत. आम्ही म्हणायचो, वहिनींना गाडी लागत असेल."

पान्या चहा संपवून उठला. जाताना दारात मला म्हणाला, "अस्सल काम केलंय हो, एकदम अस्सल."

अस्सल तर होतंच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ती एक सीट बसवली असती, दोन थेंब गोंद लागला असता, आणि मी मरेपर्यंत कंपनीच्या नावाने बोटं मोडत राहिले असते. पण ह्यांना बायकोशी खोटं बोलता येतं, गाडीशी येत नाही.

मी दार लावून आले आणि खिशातली सीट काढून टेबलावर आपटली. एवढंसं प्लॅस्टिक, धड आवाजही झाला नाही. त्याचाही मला राग आला.

"कोण होती?" मी विचारलं.

"कोण? कुठे?"

"गाडीत! मागे झोपायचा बाक होता ना? कुणासाठी माझी सीट काढलीत?"

ह्यांनी माझ्याकडे इतक्या आश्चर्याने पाहिलं की मला तिथेच कळलं, बाई नाही.

"अगं, कुणी नव्हतं," हे म्हणाले. "शपथ. कुणीच नव्हतं. तेच तर."

"तेच तर काय?"

हे बोटावर वाळलेला गोंद सोलत बसले. मी थांबले. मला सगळं ऐकायचं होतं.

"मला तिथे बरं वाटायचं," शेवटी म्हणाले. "एकट्याला. कुणी काही विचारायचं नाही. पुढे रस्ता. बाजूला पाणी ठेवलेलं. पाय पसरायला जागा. तू आली असतीस तर ते... तू नको होतीस असं नाही. कुणीच नको होतं."

बाई असती तर बरं झालं असतं. अगदी मनापासून सांगते. बाईशी भांडता येतं. तिच्या दारात जाऊन तमाशा करता येतो, तिचं नाक माझ्यापेक्षा नकटं आहे असं चारचौघांत म्हणता येतं. मोकळ्या जागेशी कसं भांडायचं? माझ्या नवऱ्याने एवढी वर्षं एका मोकळ्या जागेला जीव लावला होता, आणि ती जागा माझी होती.

"मग तसं सांगायचं!" मी ओरडले. "नको येऊस, असं तोंडावर सांगायचं!"

"तू रडली असतीस."

"रडले असते! रडले असते, ती बॅग तुमच्या डोक्यात घातली असती, आणि दुसऱ्या दिवशी बसने गेले असते! कळतंय का तुम्हाला? नवरा नेत नाही म्हटल्यावर बाई आपली आपण जाते. पण नवरा बिचारा न्यायला तयार आहे आणि मेली कंपनीच आडवी येतेय, असं असलं की ती वाट बघत बसते. मी वाट बघत बसले. तुमच्या निवृत्तीची! साप साप म्हणून मी भुई धोपटत राहिले, आणि साप माझ्याच शेजारी उशीवर डोकं ठेवून घोरत होता!"

ह्यांना वाटलं, संपलं. माझी तर आता कुठे सुरुवात झाली होती.

"आणि एकटं बसून बरं फक्त तुम्हालाच वाटतं होय? मला कोण सोडत होतं एकटीला? तुमची आई, तुमचे वडील, आपली मुलगी, तिचे दात, तिचा ताप, गळका नळ, संपलेला गॅस. बाथरूमची कडी लावली तरी बाहेरून हाका. तुम्ही घरी आलात की तुमचे कपडे. मी कुठली सीट काढायची होती? सांगा ना! माझ्या घराचे कुठले बोल्ट सोडवायचे होते?"

"चुकलं माझं," हे म्हणाले.

"आरसा हरवला तर केर उपसलात. माझी सीट कचऱ्यात चालली होती, तेव्हा मान वळवलीत."

रविवारी आमच्या घरात भांड्यांशिवाय कुणी आवाज केला नाही. दुपारी लेकीचा फोन आला. ह्यांनीच तिला सांगितलं असणार, कारण फोन उचलल्या उचलल्या ती समजुतीच्या सुरात होती. "आई, जाऊ दे ना आता. इतक्या जुन्या गोष्टीचं काय घेऊन बसलीस?"

"जुनी तुला," मी म्हटलं. "मला काल कळलीय."

"बाबांना वाईट वाटतंय गं."

"वाटू दे. मला एवढी वर्षं कंपनीमुळे वाईट वाटत होतं, त्यांना दोन दिवस माझ्यामुळे वाटू दे."

फोन ठेवला तर बाहेरच्या खोलीतून करवतीसारखा बारीक आवाज येत होता, खर्र खर्र. हे टेबलाशी वाकले होते, पाठ माझ्याकडे. मी बघायला गेले नाही. संध्याकाळपर्यंत तो आवाज चालू होता, आणि मध्येमध्ये गोंदाचा वास.

सोमवारी सकाळी मी बॅग घेऊन बाहेर आले तर हे माझ्या आधी तयार. आंघोळ झालेली, इस्त्रीचा शर्ट, आणि बोटांवर गोंदाचे पांढरे चट्टे. "इकडे ये. बघ," म्हणाले.

केबिनचं छप्पर कापून काढलं होतं आणि पुन्हा चिकटवलं होतं. ते नीट बसलं नव्हतं, एका बाजूला फट राहिली होती. पुढच्या काचेवर वाफेचा पांढरट धूर कायमचा बसला होता, आणि लाल रंगावर गोंदाचा एक ओघळ. चार महिन्यांचं काम एका दिवसात नासलेलं. आत पेटी नव्हती. पेटीच्या जागी सीट होती. ह्यांनी तिच्यावर गादीच्या शिलाईचे टाकेसुद्धा रंगवले होते.

"बसवली," हे म्हणाले. "तुझ्यासाठी."

त्या छपराला ब्लेड लावताना ह्यांच्या जिवाचं काय झालं असेल ते मला ठाऊक आहे. मी काही दगड नाही. त्या छपरावरून मी बोट फिरवलंसुद्धा. पण त्याच्या मागोमाग राग आला, आणि राग मोठा होता. बैल गेला आणि झोपा केला! ज्या सीटवर बसून मला तीन दिवस नुसतं बाहेर बघायचं होतं, ती आता बसवली, अंगठ्याएवढी. तिच्यावर फार तर मुंगी बसेल.

"ह्यात मी कशी बसू?" मी विचारलं. "बसून दाखवू? माझं एक बोट मावत नाही तिथे."

"अगं, ते आपलं नुसतं..."

"हो, नुसतंच. माझ्या वाट्याला सगळं नुसतंच येतं."

मी चपला घातल्या. फ्रिजवरच्या चुंबकाखालची तिकिटं काढून घेतली. दोन्ही.

"थांब, थांब, माझी पिशवी भरलेली आहे," हे घाईघाईने आत वळले. "मी येतोय ना."

मी दारात उभी राहिले. पिशवी घेऊन हे बाहेर आले तेव्हा मी ह्यांच्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे पाहिलं. आणि तो सूर माझ्या तोंडात आपोआप आला, शांत, जरा हळहळल्यासारखा.

"कंपनी परवानगी देत नाही," मी म्हटलं, आणि दार ओढून घेतलं.

बसमध्ये मला खिडकी होती. शेजारची सीट ह्यांची, तिच्यावर मी बॅग ठेवली. गाडी गावाबाहेर पडेपर्यंत मी मनातल्या मनात भांडतच होते. शनिवारी सुचली नव्हती अशी एकेक उत्तरं आता सुचत होती, नेहमीप्रमाणे उशिरा. मग भांडणही दमलं, कारण पलीकडून कुणी काही बोलत नव्हतं. मी चपला काढल्या आणि पाय वर घेतले. पाण्याची बाटली शेजारी आडवी टाकली, ती तशीच पडून राहिली. माझा चष्मा कुठे आहे, जेवायला काय आहे, किती वाजले, कुणी काही विचारलं नाही. पुढे रस्ता होता. बाजूला झाडं, मग गोदामं, मग परत झाडं. केव्हातरी माझे खांदे खाली आले, आणि ते इतकी वर्षं वर होते हे मला तेव्हा कळलं.

तर हे असं होतं. हे म्हणाले होते त्यातला शब्द न् शब्द खरा होता. मला खरंच बरं वाटत होतं, आणि जसजसं बरं वाटत गेलं तसतशी मी पुन्हा पेटत गेले, शनिवारपेक्षा जास्त. एवढं सुख जगात आहे हे ह्या माणसाला ठाऊक होतं. ते त्याने एकट्याने खाल्लं, आणि घरी येऊन माझ्यापुढे दमल्याचं तोंड केलं.

पुढच्या थांब्यावर माझ्याच वयाची एक बाई चढली. मागे तीन-चार जागा मोकळ्या होत्या, पण ती माझ्यापाशी थांबली आणि बॅगेकडे बघून हसली.

"ही सीट रिकामी आहे का हो?"

मी दोन्ही तिकिटं वर करून तिला दाखवली. बॅग हलवली नाही.

"नाही," मी म्हटलं. "ही माझी आहे."